बदलायचं की बांधायचं

ताईंची गाडी गॅरेजला आली ती दुधाच्या टेम्पोमागे, दोर बांधून. सव्वीस वर्षं लोकांची बाळंतपणं करणाऱ्या नर्सताई स्टिअरिंग धरून स्वतःच ओढल्या जात होत्या, आणि रस्त्यावरचा जो तो विचारत होता, "काय झालं हो ताई?" पहिल्या तिघांना त्यांनी उत्तर दिलं. चौथ्याला पाहिलं आणि सरळ काच वर केली.

झालं होतं ते असं. घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडीने आधी बारीक शिट्टी घातली, मग निळा धूर सोडला, मग आतून कुणीतरी हातोडी मारत असल्यासारखा आवाज आला आणि गाडी जी बसली ती बसलीच.

एरवी ताईंनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण घाटमाथ्यावर दगडखाणीची वस्ती होती आणि तिथल्या एका खाणकामगाराच्या बायकोची तारीख तेवीस दिवसांवर आली होती. तिचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी घाटात ट्रक आडवा झाला होता. तो हलवून ताई वर पोचल्या तेव्हा बाळ जाऊन दहा मिनिटं झाली होती. शहरातल्या दवाखान्यात आधीच येऊन राहा, असं ताईंनी या वेळी चारदा बजावलं, पण घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिला टाकून ही येईना. शेवटी ताईंनी तिचा हात धरून शब्द दिला होता, "बरं, तू इथेच राहा. मी येते. काही झालं तरी येते." आणि आता ज्यातून यायचं ते दोरीला बांधलेलं होतं.

गॅरेजचे मालक वस्ताद म्हणजे एक वल्लीच. काडी मोडलेला चष्मा दोऱ्याने कानाला अडकवलेला, आणि गाडीत काय बिघडलंय हे विचारलं की तोंडाला कुलूप. आधी ते ऑइल फिल्टर काढणार, करवतीने कापणार, आतला घड्यांचा कागद उलगडून उन्हात धरणार, आणि मगच बोलणार. आजही तेच केलं. कागदावर सोन्याची पूड सांडल्यासारखी चमक होती.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"तुमचं इंजिन," वस्ताद म्हणाले.

सोबत ताईंचे यजमान आले होते. शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न दोन ओळींत सुटतो अशी त्यांची समजूत. "अगं, यात विचार कसला करायचा? दुसरं इंजिन टाकायचं. किती दिवस लागतील, वस्ताद?"

"भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचं पडलंय. चार दिवसांत बसवतो. हेच बांधायचं म्हटलं तर अठरा. खर्चाला दोन्हीत फार फरक नाही."

"चार आणि अठरा!" सरांनी हात झटकले. "उत्तर समोर आहे."

ताईंनाही ते पटलं होतं. चार दिवस म्हणजे तारखेआधी एकोणीस दिवस हातात. 'बसवा' हा शब्द अगदी ओठांवर होता. पण वस्ताद काही हलेनात.

"बसवतो. पण आधी हे का मेलं ते बघू द्या. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

दोन दिवस ते इंजिन खोलत बसले. सुटा झालेला प्रत्येक भाग जुन्या चादरीवर क्रमाने ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईंना बोलावून घेतलं आणि करंगळीएवढी वाकडी नळी हातात दिली.

"फुंका."

ताईंनी फुंकलं. गाल फुगले, पण हवा पलीकडे जाईना.

"यातून टर्बोला तेल जातं," वस्ताद सांगू लागले. "टर्बो म्हणजे पंखाच. धुराच्या जोरावर मिनिटाला लाखभर फेरे मारतो आणि इंजिनात हवा कोंबतो. तेलावर तरंगतो म्हणून टिकतो. घाट चढून आलं की तो लालबुंद तापलेला असतो. तेव्हा एक मिनिट गाडी नुसती चालू ठेवायची, तेल फिरू द्यायचं, मग चावी फिरवायची. तसं नाही केलं तर तेल तिथल्या तिथे जळतं, त्याचा कोळसा होतो, नळी बुजते. मग टर्बो कोरडा फिरतो, तुटतो, आणि त्याचा चुरा इंजिन खातं." चष्म्यावरून त्यांनी ताईंकडे पाहिलं. "वर पोचल्यावर तुम्ही काय करता?"

वर पोचल्यावर ताई काय करत हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. गाडी दाराशी थांबण्याआधीच त्यांचा हात चावीवर असे. गाडी बंद, दार उघडं, बॅग खांद्याला, आणि ताई धावत आत. त्या दहा मिनिटांनंतर तर जास्तच. एकेक सेकंद वाचवायचा म्हणून त्यांनी जी घाई केली, तीच गाडीला भोवली होती.

"घाटात पाटी आहे, 'अति घाई संकटात नेई'," वस्ताद म्हणाले. "रंगवणाऱ्याने तुमच्यासाठीच रंगवली असावी."

"टोमणे नंतर मारा," ताई म्हणाल्या. चूक आपलीच, हे त्यांना झोंबलं होतं. अशा झोंबण्यावर त्यांच्याकडे एकच औषध असे, ते म्हणजे पुढचं काम. "त्या भंगारातल्या इंजिनाचं सांगा. किती पळालंय?"

"मीटर फुटलाय."

"तेल वेळेवर बदललं जायचं?"

"मालकाला विचारावं लागेल. तो कुठे असतो ते मला ठाऊक नाही."

"त्याचीही नळी बुजत आली असली तर?"

"टर्बो आणि नळी मी नवीनच घालीन. पण कोरड्या टर्बोने आधीच आत काय खाल्लंय, ते खोलल्याशिवाय कसं कळणार? आणि खोलायचं तर परत अठरा दिवस आलेच."

"आणि माझं?"

वस्तादांनी चादरीकडे बोट केलं. "क्रँक, म्हणजे सगळं फिरवणारा हा दांडा, मापून पाहिला. चरे आहेत, पण घासून निघतील. एका सिलिंडरला ओरखडा आहे, चारही आतून कोरून बोअर मारून घेऊ. पिस्टन नवे, बेअरिंग नवी. यातलं काय चांगलं आणि काय वाईट, सगळं तुमच्यासमोर मांडलंय."

ताईंनी चादरीभोवती एक चक्कर मारली. "वस्ताद, जिचं तपासणीचं कार्ड पहिल्या महिन्यापासून माझ्याकडे असतं, तिचं काय बिघडू शकतं ते मला आधी कळतं. शेवटच्या दिवशी कुणी बिनकार्डाची दारात आली की मला तिचं काहीच ठाऊक नसतं. नाही म्हणत नाही मी तिला. पण मुद्दाम शोधून आणत नाही. हेच बांधा."

"अगं, वीस दिवस उरलेत!" सर म्हणाले. "अठरा गेले की दोन!"

"दोन म्हणजे शून्य नाही. हे तुम्हीच शिकवता ना?"

सरांचा चेहरा वर्गात फळा कोसळल्यासारखा झाला.

मग ताई हात धुऊन त्या इंजिनाच्या मागे लागल्या. क्रँक घासायला गेला, त्या लेथवाल्याकडे त्या रोज कामावर जाताना डोकवायच्या. दुसऱ्याच दिवशी तो वैतागून म्हणाला, "ताई, इंजिन आहे हे, नाडी काय बघताय?" तरीही त्या जात राहिल्या. एक दिवसाआड दुधाच्या टेम्पोतून वर वस्तीवर जाऊन त्या पोरीला तपासून यायच्या, कॅनच्या मधोमध बसून. आठव्या दिवशी पिस्टन आले ते नेमके चुकीच्या मापाचे. दुकानदार फोनवर म्हणाला, आठवडा लागेल. ताईंनी रजा टाकली, खोकं मांडीवर घेऊन तीन तास बसने शहर गाठलं आणि काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, "माझ्यासमोर मापा." त्याने मापले, ओशाळला आणि गोदामातून बरोबर मापाचे काढून दिले. त्या संध्याकाळी परत आल्या तेव्हा कंबर मोडली होती, पण आठवडा वाचला होता.

सतराव्या दिवशी इंजिन गाडीत बसलं. अठराव्या दिवशी सकाळी सुरू झालं. वस्ताद अर्धा तास कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

आणि त्याच दुपारी फोन आला. तारखेच्या दोन दिवस आधीच पाणमोट फुटली होती.

"नवं इंजिन आहे, दामटू नका," वस्ताद गाडीमागे चालत सांगत होते. "खालचा गिअर, हलका पाय. आणि वर गेल्यावर..."

"एक मिनिट. माहीत आहे."

बारा किलोमीटरच्या त्या चढावर ताईंनी मनातल्या मनात स्वतःला शंभर वेळा हळू म्हटलं असेल. पाय आपोआप दाबायला जायचा आणि त्या तो मागे घ्यायच्या. इंजिनाने एकदाही कुरकूर केली नाही.

दाराशी पोचल्या तर आतून तिचं ओरडणं ऐकू आलं. खाणकामगार धावत बाहेर आला. एरवी पहार घेऊन कातळ फोडणारा गडी, पण आज पाचावर धारण बसलेली. "ताई, लवकर!"

ताईंचा हात चावीवर गेला. आणि थांबला. एक मिनिट. आतली किंकाळी संपून दुसरी सुरू झाली. एक मिनिट इथे बसणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, आणि हे इंजिनही त्यांना पुन्हा मारायचं नव्हतं.

"ये, बस इथे," त्यांनी उतरत त्याला सीटवर ढकललं. "कशालाही पाय लावू नकोस. साठपर्यंत मोज आणि मग ही चावी अशी फिरव. आधी फिरवलीस तर गाठ माझ्याशी आहे!"

आणि बॅग घेऊन त्या धावल्या.

आत काम अवघड होतं. बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. ताईंनी तो बोटाने सोडवला, पोरीला धीर दिला, दम भरला, मध्येच दोन शिव्याही घातल्या. सासू अंथरुणावरून एकसारखी विचारत होती, "रडलं का? रडलं का?" अखेर बाळ निळंजांभळं बाहेर आलं, क्षणभर गप्प राहिलं, ताईंनी त्याची पाठ खसाखसा पुसली आणि त्याने असा काही टाहो फोडला की सासूचा प्रश्नच मिटला. मग ताई भिंतीला टेकल्या आणि मनसोक्त रडल्या.

बाहेर आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडी चालूच होती. दोन तास झाले होते, इंजिन शांतपणे घुमत होतं, आणि तो ताठ बसून, घामाने भिजून, पुटपुटत होता, "सदतीस, अडतीस..."

"अरे, साठपर्यंत सांगितलं होतं ना?"

"हो ताई," तो समोरच बघत म्हणाला. "पण आतून आवाज आला की चुकतोय. चुकलो की परत पहिल्यापासून. तुमचं इंजिन बिघडायला नको."

ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. कर बंद."

पण त्याने आधी उरलेले आकडे साठपर्यंत मोजले आणि मगच चावी फिरवली.