तोशीस लागल्यास

या, जरा जवळ सरकून बसा. घाटकोपरच्या भटवाडीतल्या मालनताईंच्या एका सकाळची गोष्ट सांगायची आहे, आणि ती एका टाचणीपासून सुरू होते.

लवादाच्या निवाड्याच्या कागदाला लावलेली टाचणी गंजली होती, तिचा तांबूस वण नेमका एका शब्दावर उतरला होता, आणि आपण बोटाने तो शब्द पुसतोय की वाचतोय हे मालनताईंनाच कळत नव्हतं. तोशीस. शब्द त्यांचाच. नवरा, नंदकुमार, गेल्यावर मरोळच्या कारखान्यावरून भागीदार दत्तारामशी वाजलं, मग लवादापुढे तडजोड झाली — कारखाना दत्तारामचा, बँकेचं जुनं कर्जही त्याचंच — तेव्हा वकिलांचं ‘नुकसानभरपाई’ त्यांना परकं वाटलं होतं. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आवाज खाली आणून सांगायचे, देव आपल्या माणसाला तोशीस लागू देत नाही... आणि मागे झांज धरून उभा दत्ताराम मान डोलवायचा. "तेच लिहा," त्या म्हणाल्या होत्या, "त्याला कळेल."

निवाड्यात दत्तारामच्या तोंडी तेच आलं. ‘मालनबाईंना तोशीस लागू देणार नाही.’ आणि खाली, कुणी घातलं कोण जाणे, ‘लागल्यास भरून देईन.’ त्यांना वाटलं, एकच गोष्ट दोनदा म्हटलीय — कीर्तनात ध्रुपद नाही का फिरून घेत!

दत्तारामने हप्ते थकवले. बँकेनं दोघांविरुद्ध हुकूम मिळवला, आणि काल त्याच कर्जाला तारण असलेल्या मालनताईंच्या या घराच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटली.

"मावशी, त्याच्या मशिनींच्या जप्तीचा अर्ज आहे, सही करा ना," चेतना म्हणाली. बहिणीची मुलगी, आणि आता त्यांची वकीलही. "निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमच. तुमच्यावर बोजा पक्का झाला, म्हणजे त्याला आत्ताच भरायला लावता येतं. आधी तुम्ही भरा, मग मागा, असं नसतं."

"आणि खालची ओळ?"

"‘लागल्यावरच देईन’ म्हणत तीच धरून बसलाय ना तो! त्यावर भांडावं लागेल."

तेवढ्यात दत्तारामचाच फोन. "वयनी, घर आसा, दार आसा. मगे तोशीस खंय लागली?"

"दाराला लागलीय! ये, वाच."

त्यानं तो विषय सोडला. मग, "मशिनी उचललास तर मी नि नीलान खावचा काय, ता पण सांगा." नीला, त्याची बायको, नंदकुमार गेले तेव्हा तेरा दिवस हिच्याच घरून डबा...

त्यांनी फोन ठेवला. तोशीस लागते म्हणजे कधी? शेजारीण नोटीस वाचून न बोलता आत गेली, तेव्हा? की कुलूप लागेल तेव्हा — मग भरून काय देणार, कुठे देणार, मी असेन कुठे... आणि देवा, तू तरी काय करतोस? लागू देत नाहीस, की लागल्यावर धावतोस? इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या, बुवांना हे विचारलंच नाही. नंदकुमारांच्या वेळी तर तू दोन्हीतलं...

त्या दचकल्या. दत्तारामवरचा राग शोधायला गेल्या, तर तो जागेवर नव्हता. सरकून भलतीकडेच, वर, देवावर जाऊन बसला होता. आणि ज्याच्यावर बसला तो कितीतरी महिन्यांनी इतका जवळ वाटला, की आता भांडावं कुणाशी, हेच त्यांना कळेना.

"मावशी?" चेतनानं कागद पुढे सरकवला.

आज कुठे हात जोडलेत, तर मालनताईंची आठवण असू द्या. त्यांनी अजून सही केलेली नाही.