दोन्हीकडून आलेलं पाणी

मित्रांनो, मी नाशिकच्या नाल्याकाठच्या गल्लीतला एक जुना माग आहे. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पावड्या दाबतो, तो खड्ड्याचा माग. माझ्यावर विणणाऱ्या निसारच्या वडिलांनी मला सागवानातून घडवलं. माझ्यावरच्या लुगड्यांवर बाया हात फिरवायच्या आणि नंतर नवऱ्याकडे बघायच्या. एवढं सांगितलं तरी पुरे.

आमच्याकडे पावसाची रीत वेगळी. समुद्राकडून आलेले ढग त्र्यंबकच्या डोंगरांना अडतात, बोजा तिथेच टाकतात. नाशिकला उरलंसुरलं येतं. नाशिककर डोक्यावरचं ऊन बघून निर्धास्त बसतात आणि गोदावरी त्र्यंबकचं पाणी घेऊन दारात येते.

सन पस्तीसच्या श्रावणात तसंच झालं. निसारच्या लेकीच्या, अनवरीच्या लग्नाचं कापड माझ्यावर चढलं होतं. बाहेर लख्ख ऊन. एवढ्यात त्र्यंबकला बेल विकून परतलेली शेजारीण अक्काबाई ओल्या लुगड्यानिशी दारात आली.

"निसारभाऊ, तिकडं लय पाऊस हाय. नदी येतीय मागोमाग!"

नदी चढली की नाल्यातून उलटी गल्लीत शिरते. निसारने माणसं जमवली, मातीची पोती टाकून नाल्याचं तोंड बंद केलं. नदी चढली, पण आत आली नाही. निसारची वाहवा झाली.

संध्याकाळी ढग नाशिकवर आले. छपरांवरचं, गल्लीतलं सगळं पाणी नाल्यात उतरलं आणि त्या पोत्यांना अडलं. माझा खड्डा भरला, पावड्या बुडाल्या. कापड वीतभर वर राहिलं.

"अजून पोती आणा!" निसार ओरडला.

त्याची आई हुस्नबानो उंबऱ्यात उभी होती. "कुठं टाकतोस? नदी कधीच उतरली. हे आपलंच पाणी, तूच कोंडलंयस."

"अम्मी, नदी पुन्हा आली तर? अनवरीचं कापड जाईल."

"आणि आत्ता काय ते वाळत घातलंय?"

"भाऊ, म्हातारीचं ऐका," अक्काबाई म्हणाली. "माझी चूल कवाच पोहाया लागली."

निसार हलेना. ज्या पोत्यांनी वाहवा मिळवून दिली, ती काढायला माणसाचा हात धजत नाही. शेवटी हुस्नबानो कंबरभर पाण्यात उतरली, पहिलं पोतं तिने ओढलं. दुसरं अक्काबाईने. मग निसार मान खाली घालून आला. पाणी भसाभसा नदीकडे सुटलं.

तोवर कापड चिखलाने माखलं होतं. तीनदा धुतलं, डाग गेले नाहीत. अनवरीचा निकाह गिरणीच्या कापडात झाला. सगळे म्हणाले, छान दिसते. दिसत होतीही. त्यानंतर माझ्यावर ताण्याचे उभे धागे पुन्हा चढले नाहीत.

मित्रांनो, नाल्यात राख-कचरा टाकू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरं सांगतो. पाणी अडवायला सगळी गल्ली धावते. नदी उतरली का ते बघून पोती कोण काढणार, ते मात्र पोती टाकण्याआधी ठरवा. आणि ज्याला नेमाल, त्याची वाहवा पोती निघेपर्यंत करू नका.