घरच्यांना विचारायचे प्रश्न

आमच्या धाकट्या भावाला नोकरी लागली ती वेडा होता म्हणून. मी असंच बोलते, मला गोड बोलायला जमत नाही. मनाच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेच्या मॅडमनी मात्र मला तिथल्या तिथे अडवलं. म्हणाल्या, "ताई, ज्यांनी हा आजार भोगलाय त्यांनीच या अभ्यासात प्रश्न विचारायचेत. आम्हाला सुचत नाही ते त्यांना सुचतं." म्हटलं, सुचू दे बाई, घरात तर त्याला साधा पंखा बंद करायचं सुचत नाही.

पण मनातून मी हरखले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो जिन्यात भेटेल त्याला थांबवून दाखवत होता. काम असं, की आजारी माणसांच्या घरच्यांना भेटायचं आणि घरी त्यांना कसं सांभाळता ते विचारायचं. त्याआधी मॅडमसमोर त्याने घरच्या कुणाची तरी एक सरावाची मुलाखत घ्यायची होती. ती नीट झाली की नोकरी पक्की.

"ताई, तूच ये," तो म्हणाला. "तू तोंडावर बोलतेस. माझा कस लागेल."

खोलीत तीन खुर्च्या, पाण्याची बाटली आणि अर्धवट पुसलेला फळा. बसता बसता तो मॅडमना म्हणाला, "गोळ्या सोडून मला दोन वर्षं झाली. ताईला विचारा हवं तर." मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

गोळ्या त्याने सोडल्या होत्या, मी नाही. तो त्या थुंकायला लागला तेव्हा डॉक्टरांनी मला पातळ औषध लिहून दिलं, ना रंग ना चव. तेव्हापासून रोज सकाळी त्याच्या कॉफीत थेंब घालतेय. त्याला झोप लागते, कानात आवाज येत नाहीत, आणि तो म्हणतो, बघ ताई, मनाची ताकद. मी म्हणते, हो रे बाबा.

मुलाखत छान चालली होती. मी चिडून बोलले तरी तो मध्ये तोंड घालत नव्हता, शांतपणे ऐकून घेत होता. याला इतकं ऐकता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. घरी मी त्याला एक वाक्य पुरं करू देत नाही, याची तिथे बसून लाज वाटली.

मग त्याने विचारलं, "माणसाला न सांगता त्याच्या खाण्यापिण्यातून कधी औषध दिलंय का?"

"हा प्रश्न त्याचाच बरं का," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता."

"वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक काका होते," तो मला म्हणाला. "त्यांच्या घरच्यांनी असं केलं होतं. मग ते कुणाच्याच हातचं खाईनात. म्हणून हा प्रश्न घातला." आणि पेन धरून थांबला. माझं 'नाही' त्याने गृहीतच धरलं होतं.

नाही म्हणायला माझं काय जात होतं? नोकरी पक्की, घरी जाऊन निवांत जेवलो असतो. खोटं बोलायचा सरावही दांडगा. पण तो वाट बघत होता, आणि त्याला माझं उत्तर खरंच हवं होतं. खोटं सांगितलं असतं तर त्याचं पहिलंच काम मी माझ्या हाताने नासवलं असतं.

"हो," मी म्हटलं. "देते. रोज, तुझ्या कॉफीतून."

मॅडम उठायला लागल्या. त्याने हातानेच त्यांना बसवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझ्या भल्यासाठीच रे..." मी म्हणायला गेले, पण ते माझं मलाच इतकं पोकळ वाटलं की पुढे बोलवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वाटलं, आता हा खुर्ची फेकणार. फेकली असती तर सोपं गेलं असतं.

त्याने पुढ्यातला कागद सरळ केला. मग मान वर न करता, सावकाश, त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"तुम्ही हे किती दिवसांपासून करताय?"

उभ्या जन्मात त्याने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"दोन वर्षं," मी म्हणाले. त्याने ते लिहून घेतलं.