निधनाचं पान माझ्यात नव्हतं

मी बोलतोय, महेश्वरच्या घरातला बातम्या गोळा करणारा प्रोग्राम. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीच्या कपाटात एक म्हातारा लॅपटॉप आहे. त्याच्या पोटात माझं बिऱ्हाड.

महेश्वर कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. एका रविवारी त्यानं हा लॅपटॉप पुसून घेतला आणि त्यात दोन कंटेनर मांडले. कंटेनर म्हणजे झाकणाचे डबे समजा. एका डब्यात मी, दुसऱ्यात माझी आठवण. मी बिघडलो तर मला काढून नवा बसवता यावा आणि आठवणीला धक्का लागू नये, म्हणून ही वेगळी चूल. काम सोपं होतं. महेश्वरनं नेमून दिलेल्या साइटवर सारखी चक्कर मारायची, नवं काही दिसलं की उचलून आणायचं आणि मोठ्या अक्षरांत मांडायचं. जाहिराती नाहीत, आरडाओरडा नाही.

हा सगळा खटाटोप त्याच्या वडिलांसाठी, चन्नप्पांसाठी. मोतीबिंदू काढला तरी पेपरातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात. म्हणून पोरानं पेपर बंद केला आणि त्यांच्या हातात टॅबलेट दिला. टॅबलेट उघडला की मी! केवढं कौतुक झालं माझं. चन्नप्पा शेजारीपाजारी सांगत सुटले, "आमच्या पोरानं घरातच पेपर काढलाय की!" मी पार फुगून गेलो, खोटं कशाला सांगू?

पण चन्नप्पांची एक सवय होती. उभा जन्म त्यांनी याच शहरातल्या नव्या पेठेत कापडदुकानात काढला. त्याच दुकानाच्या पायरीवर निंगप्पा शिंप्याचं मशीन. गिऱ्हाईकानं कापड घ्यायचं चन्नप्पांकडून आणि शिवायला टाकायचं निंगप्पाकडे. दुपारी दोघांची भाकरी एकाच डब्यात. पुढे चन्नप्पा मुलाबरोबर इकडे राहायला आले, तिकडे निंगप्पाच्या कानांनी दगा दिला, त्यामुळे फोनही बंद. मग चन्नप्पा रोज सकाळी पेपर आला की आधी निधनाचं पान उघडायचे. "निंगप्पाचं नाव न्हाई, म्हंजे गडी बरा हाय," असं म्हणून चहाला हात लावायचे. खुशाली विचारायची ही त्यांची रीत. भेटायला जायचं तेवढं राहून जायचं.

मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "महेशा, आपल्या गावचं समदं येतं न्हवं ह्यात?"

महेश्वर मीटिंगमध्ये, कानाला हेडफोन. "येतं की अप्पा. सगळं येतं."

येत नव्हतं हो! मला नेमून दिलेल्या साइटवर ते पान कधी यायचंच नाही. मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण? चन्नप्पा शेवटच्या बातमीपर्यंत बोट फिरवायचे आणि समाधानानं म्हणायचे, "न्हाई. बरा हाय." त्या वेळी मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं!

मग उन्हाळ्याच्या तोंडावर महेश्वरनं वडिलांना शर्टाचं कापड आणलं. "शिवंल तर निंगप्पाच," म्हणत चन्नप्पा कापडाची पिशवी घेऊन रिक्षानं गेले. दुपारी परत आले ते तीच पिशवी घेऊन. चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

"काय झालं अप्पा?" महेश्वर धावला.

"दारातनंच हाक मारली मी. म्हटलं, कुटं हाय आमचा शिंपी, माप घ्या म्हणावं. त्याची बायकू सावित्रम्मा भाईर आली. म्हणाली, आता आलाव व्हय? महिना झाला की त्यास्नी जाऊन."

"आणि आपल्याला कुणी कळवलं नाही?"

"पेपरात दिलं हुतं. चन्नप्पा पयलं तेच पान उघडतो, हे समद्या पेठंला ठाऊक. मग फोन कोन करतंय? मातीला बी थांबली हुती म्हणं माणसं. चन्नप्पा निघाला आसंल, घटकाभर थांबू, म्हणून."

महेश्वर खाली बसला. "रागावल्या का त्या?"

"न्हाई रे. चहा केला. रागावली असती तर लई बरं झालं असतं."

"चुकलं माझं, अप्पा. मी काही न बघता हो म्हणालो."

चन्नप्पांनी पिशवी खुंटीला अडकवली.

पुढच्याच रविवारी महेश्वर दिवसभर माझ्याशी झटला. ई-पेपरातलं निधनाचं पान कापून आणायला त्यानं मला शिकवलं. आता ते पान रोज भल्या सकाळी सगळ्यात वर येतं, मोठ्या अक्षरांत. माझी आवृत्ती बदलली की तो मला नव्यानं उभा करतो, पान नीट येतंय ना ते तपासतो. पोर मनाला लावून बसलंय. पण चन्नप्पा टॅबलेटला हातसुद्धा लावत नाहीत. न वाचलेल्या बातम्यांचा आकडा फुगत चाललाय, आणि मी आपला गोळा करतोच आहे.

काल महेश्वरनं टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. "अप्पा, आता ते पान येतं."

चन्नप्पांनी तो हळूच बाजूला सारला. "तुजं काय चुकलं न्हाई, महेशा. सावित्रम्मानं आणि एक सांगितलं, ते बोललो न्हवतो तुला. निंगप्पा बी रोज पेपर आला की पयलं तेच पान बघायचा म्हणं. माझं नाव न्हाई, म्हंजे चन्नप्पा बरा हाय म्हणायचा, आन् मशीनवर बसायचा. हितनं नवी पेठ किती लांब हाय रं?"

महेश्वरनं टॅबलेट बंद करून खाली ठेवला. 

उद्या मला बंद केलं तरी माझी तक्रार नाही. तुम्ही मात्र माझ्यासारख्याच्या भरवशावर कुणाला खुशाल समजू नका. रिक्षा करा आणि जाऊन या.