दुधापुरती शेगडी

माझी धाकटी जाऊ जागृती सभेत बोलायला उभी राहिली, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून लसूण सोलत होते. घरून पिशवीत भरून नेलेला, आणि मुद्दामच. म्हटलं, हिचं भाषण ऐकायला हात रिकामे ठेवून बसायचं माझं काय अडलंय.

शहाडच्या अलीकडे, नदीच्या अंगाला आमची आळी आहे. अठ्ठेचाळीस घरं. सगळ्यांच्या मोऱ्यांचं आणि संडासाच्या टाक्यांचं पाणी एकाच उघड्या गटारातून उल्हास नदीत जातं. जातं म्हणजे गेलं तर जातं, नाहीतर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुंबून राहतं. नळाचा पाइपही त्याच गटारातून आलेला आहे. गेल्या वर्षी माझ्या सूरजला कावीळ झाली ती त्यातूनच. ऐन बारावीला पोरगा दोन महिने अंथरुणात होता.

या गटारासाठी बारा वर्षं कोण फिरलं? मी, कल्पिता. वॉर्ड ऑफिसातल्या बाकाची कुठली फळी मोडलेली आहे ते मी डोळे मिटून सांगेन. एवढं फिरून मिळालं काय, तर वर्षातून दोनदा गाळ काढायला येणारी माणसं. पण आळीत कुणाचंही तुंबलं की हाक मलाच यायची. "कल्पिताताई, जरा फोन लावा ना." ती हाक मला आवडायची, खोटं कशाला बोलू?

आणि ही कालची आलेली. सहा वर्षं झाली लग्नाला. ठाण्याला कुठल्याशा संस्थेत कॉम्प्युटरवर बसते. तिथे तिला कुणी सांगितलं की गटारावर झाकण टाकून उपयोग नाही, पाणी जागच्या जागी गाळता येतं. एक टाकी, पुढे खडीचा लांब वाफा, त्यात कर्दळी लावायच्या. मुळांतून पाणी स्वच्छ होऊन पुढे जातं. नदीकडेच्या मोकळ्या जागेत मावेल एवढंच. हे तिने रात्री जेवताना सांगितलं तेव्हा मी म्हटलेलं, "कर्दळी लावून कावीळ जाते होय?" सगळे हसले. तीसुद्धा हसली, आणि आठवड्याने सभाच बोलावलीन.

भिंतीवर तिने मोठा कागद चिकटवलेला, चार रकाने आखलेले. आमदार निधी, पालिकेचं बजेट, जिल्ह्याचा निधी आणि चौथी सरकारी योजना. अक्षर अगदी छापल्यासारखं. माझे अर्ज रतनच्या अक्षरात असायचे. रतन म्हणजे माझा नवरा, आणि त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही लागत नाही.

"आमदार निधीतून काम लवकर होईल," जागृती म्हणाली, "पण तो बांधण्यापुरता. नंतरची देखभाल आपल्यावर. पालिकेच्या बजेटमध्ये आपला नंबर कधी लागेल ते कुणी लिहून देत नाही. जिल्ह्याचा निधी मोठा आहे, पण आधी आराखडा मंजूर करून आणायचा, त्याचा खर्च आपला."

"मग कर्ज काढू की," मागून कुणीतरी म्हणालं.

"कर्जाचा हप्ता दर महिन्याला आहे काका, आणि आपल्याकडे तीन महिन्यांची झाडूवाल्याची वर्गणी निघत नाहीये." लोक हसले. ती नाही हसली. "पैसे कोण देतंय ते बघू नका. दोन वर्षांनी पंप बिघडला की कोण येणार, ते बघा. चौथ्या योजनेत पाच वर्षांची देखभाल त्यांच्याकडे आहे. आपला लोकवाटा दहा टक्के, त्यातला अर्धा अंगमेहनतीने चालतो."

माझा लसूण हातातच राहिला. बारा वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मी फक्त "कधी करणार" एवढंच विचारत आलेले. वाटलं, उठून तो कागदच फाडावा. पुढच्या रांगेतले सखारामभाऊ, आमच्या आळीच्या समितीचे अध्यक्ष, तिला "मॅडम" म्हणाले. मला जन्मात कधी कुणी मॅडम म्हटलं नाही.

अडलं ते एका अटीवर. योजनेला निदान साठ कुटुंबं हवीत. घरपट्टीला आमची घरं अठ्ठेचाळीस, पण त्यांचा नियम घराचा नव्हता, चुलीचा होता. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं रांधून खात असतील तर कुटुंबं दोन. जागृतीने आधीच घरोघर फिरून चुली मोजलेल्या.

"एकोणसाठ," ती म्हणाली.

सखारामभाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अगं, तुमचं घर एक धरलंयस. साकेत आणि तू वर राहता ना?"

साकेत माझा दीर. तो, जागृती आणि त्यांची चार वर्षांची सान्वी माडीवर राहतात.

"राहतो वर, पण जेवतो खाली," जागृती म्हणाली. "आमची चूल एकच आहे. ताईंच्या हाताखालची. वर नुसती सान्वीच्या दुधापुरती शेगडी आहे."

दुधापुरती शेगडी हा शब्द माझा. सान्वी झाली तेव्हा साकेतने लहान सिलिंडर वर नेला, तेव्हा मी बजावलेलं, "दुधापुरती हं. या घरात चूल एक आहे आणि एकच राहणार." आळीतल्या सगळ्या भावांच्या चुली फुटल्या, आमची नाही फुटली. मी ते येता-जाता सांगायचे. हळदीकुंकवाला तर हमखास.

सगळ्या माना मागे, माझ्याकडे वळल्या. आता तुम्हीच सांगा, काय करायचं होतं मी? मला वाटलं, हिने मुद्दाम केलं. स्वतः चांगुलपणा घेऊन बाजूला झाली आणि आळीचं काम माझ्या हट्टापायी अडलं असं दिसायची सोय करून ठेवली. म्हटलं, थांब, तुझ्या चार रकान्यांवर माझी एक सही भारी पडते की नाही बघ.

मी लसणाची पिशवी बाजूला ठेवली आणि उभी राहिले. "लिहा, आमच्या चुली दोन. सही मी करते."

"ताई, नको," जागृती घाईने म्हणाली. "तपासायला माणूस येतो. सिलिंडर बघतात, धान्य बघतात."

"बघू देत की. मी दाखवते."

टाळ्या वाजल्या. सखारामभाऊ म्हणाले, "शेवटी कल्पिताताईंनीच मार्ग काढला." त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत चार जणींनी मला थांबवून हात हातात घेतला. जागृती मागून कागद गुंडाळून एकटीच येत होती. मला फार बरं वाटलं.

बरं वाटणं दोन दिवस टिकलं. मग धाकधूक सुरू झाली. खोटं लिहून दिलेलं. पकडलं गेलं तर अर्ज जाणार, आळी माझ्या नावाने खडे फोडणार, आणि खिडकीखालचं गटार आहे तिथेच राहणार. तपासणी बुधवारी होती. मी मंगळवारी टोपली भरली. दोन पातेली, तवा, पोळपाट, तांदूळ, डाळ, मिसळणाचा डबा. आमचा माडीचा जिना लोखंडी आणि उभा, माझे गुडघे गेल्यापासून दोन वर्षांत मी वर पाऊल टाकलेलं नाही. सूरजच्या हातून टोपली पाठवली.

"आई, याची काय गरज आहे?" तो म्हणाला.

"वर रिकामी फळी दिसली तर साहेब काय म्हणेल? मांडून ठेव म्हणावं तिला. आणि पातेली जरा काळी दिसू देत."

तो टोपली उचलून गेला.

बुधवारी साहेब आले. तरुणच होते, गळ्यात ओळखपत्र. बरोबर सखारामभाऊ. खालची चूल त्यांनी बघितली आणि वहीत टिकमार्क केला. मग म्हणाले, "आता वरची." म्हटलं, जागृती एकटी असली तर गडबडेल. तिला खोटं धड येत नाही. कठडा धरून एकेक पायरी करत मी त्यांच्या मागोमाग वर गेले. माझ्यामागे रतन आणि सूरज.

दारातच मला माझी टोपली दिसली. कोपऱ्यात होती, वरचं फडकं मी बांधलेलं तसंच गाठीसकट.

आणि फळी भरलेली होती. ओळीने डबे होते. रवा, पोहे, दोन तऱ्हेचे तांदूळ. साहेबांनी एकेक उघडून बघितला. सुकटीच्या डब्याचा वास खोलीभर झाला. आगरी मसाला, मालवणी मसाला, कांदा-लसूण मसाला. शेगडीवर कढई होती, तिच्या बुडाला वर्षभराची काजळी. अशी काजळी मंगळवारी सांगून बुधवारी येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

"दोन घरची माणसं जेवतील एवढी कढई आहे," साहेब हसून म्हणाले.

जागृतीने चहा टाकला. माझ्याकडे बघतच नव्हती. कपाटाकडे न बघता सूरजने हात घालून कप काढले, बरोबर सहा, कान तुटलेला मागे ठेवून. साहेब म्हणाले, मला साखर वेगळी द्या. जागृती शोधायला लागली, तर रतन बसल्या जागेवरून म्हणाला, "अगं, ती कॉफीच्या बरणीत ठेवतेस ना, खिडकीत."

सूरज कपांकडे बघत राहिला.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. सूरजला कावीळ झाल्यापासून मी घरातलं तेल-तिखट बंद केलेलं. एकट्याचं नाही, सगळ्यांचं. तो बरा झाला तरी चालूच ठेवलेलं, त्या पाण्याची मला धास्ती बसलेली. तेव्हापासून सूरजला रात्री भूक नसायची. रतन मॅच बघायला वर जायचा, खाली टीव्ही असून. रोजचा उरलेला भात मी गाईला घालायचे आणि आळीत सांगायचे, आमच्या जागृतीचं खाणं चिमणीएवढं. माझा नवरा आणि माझा मुलगा वर्षभर तिच्या हातचं जेवत होते, आणि वर येऊन माझ्या हातची अळणी चव तोंडातून घालवत होते. जळजळ झाली, अगदी इथे, छातीच्या मधोमध.

त्याहून एक गोष्ट जास्त लागली. सभेत ती खोटं बोललेली. साठावं कुटुंब तिला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर तिचं काम तिथल्या तिथे झालं असतं. भर सभेत माझी चूल फुटलेली दिसू नये म्हणून तिने स्वतःचाच कागद अडवून धरला. आणि मी छाती काढून जे खोटं लिहून दिलं, ते खरंच होतं. माझी दया करावी आणि ती या पोरीने करावी, हे गिळायला मला तो चहा पुरला नाही. चहा चांगला होता. आलं ठेचून घातलेलं.

साहेबांनी वहीत लिहिलं, स्वतंत्र चूल, आहे. खाली माझी सही घेतली. सखारामभाऊ मला म्हणाले, "झालं बघा साठ." मी मान हलवली.

संध्याकाळी जागृती खाली आली. रोज याच वेळी येते, पदर खोचून विचारते, ताई, आज काय करायचं? आज दारातच थांबली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, मी सांगणार होते," ती म्हणाली.

खिडकीखालच्या गटाराचा वास येत होता. मी तांदूळ मोजत होते. रोज सहा जणांचे घेते. आज हात एका वाटीवर थांबला.

"वर काय केलंयस?" मी विचारलं.

"कोलंबीचं कालवण," ती अगदी हळू म्हणाली.

"तिखट?"

"हो."

मी तांदळाचं झाकण लावलं. "मग एक वाटी खाली पाठव माझ्यासाठी. सूरजच्या हातून दे. त्याला वाट माहीत आहे."