नाकाशेजारचा तिसरा डोळा

चिखलीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. शैक्षणिक तंत्रज्ञान परिषद नेमकी कापूस वेचणीत भरली होती, तरी शिक्षकांसोबत गावोगावचे पालक जीप भरभरून आले होते. मंचावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली एक मुलगी घडाघडा पुस्तक वाचत होती. मागच्या मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता, आणि ऑनलाइन जोडलेले पुण्या-नागपूरचे शिक्षक त्यावर लाल बदामांचा सडा घालत होते.

"ही साधी पट्टी नव्हे!" पट्टी विकायला आलेले प्राज्ञेश सर गरजले. "हिच्यातली क्वांटम चिप तिसरा डोळा उघडते. हे आपल्या ऋषींचं वायफाय! पासवर्ड तेवढा हरवला होता, तो मला सापडला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पिंपळगाव राजाच्या शाळेतल्या राबिया मॅडमचे हात मात्र मांडीवरच राहिले. शेजारी गावातलाच शेतकरी इंद्रभान बसला होता, आणि त्याला खेटून त्याची लेक रेवती, जन्मापासून आंधळी. राबियाने खटपट करून तिला अंध मुलांच्या निवासी शाळेत जागा मिळवून दिली होती. सोमवारी पोचवायचं होतं.

"मॅडम, आता काहाले पाठवू तिले? पट्टी बांधली का पोरगी घरीच वाचते."

"इंद्रभानभाऊ, जरा थांबा ना."

"काऊन थांबू? डोयानं पाह्यलं ना मी!"

राबियाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पान उलटलं की मुलगी हनुवटी किंचित वर उचलायची. पुस्तकही छातीशी, खालीच धरलेलं.

ती उठून थेट मंचावर गेली.

"सर, पुस्तक हिच्या कपाळासमोर धरू? तिसरा डोळा तिथंच असतो ना?"

"शंकेने लहरी बिघडतात, मॅडम!"

"मग पुस्तक राहू द्या तिथंच. इंद्रभानभाऊ, तुमच्या दुपट्ट्याले चिकटलेला कापूस आना बरं."

कापसाचे दोन बोळे करून तिने मुलीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली अलगद बसवले.

"दुखत नाही ना, बेटा? आता वाच."

चिप जागेवर होती, पट्टी तीच होती. मुलीने हनुवटी वर केली, मग आणखी वर केली.

"सर, काहीच दिसत नाही," ती पुटपुटली. माइक चालूच होता.

"नेटवर्क गेलं!" सर ओरडले. सभागृह खो खो हसलं.

"तुझी काही चूक नाही," असं म्हणून राबियाने पट्टी सोडली आणि स्वतःच्या डोळ्यांना बांधली. हनुवटी वर करून तिने तेच पान वाचून दाखवलं. "नाकाशेजारी फट राहते. तिच्यातून खाली बघायचं. चिप काढून टाकली तरी चालतं!"

इंद्रभान खाली मान घालून उभा होता. "बियान्यावाला म्हने कपाशीले बोंडअयी लागनारच नाही. त्याचंही असंच ऐकलं होतं मी." मग हळूच विचारलं, "मंग रेवतीले हे कामाचं नाही?"

"फटीतून पाहाले डोये लागतात, भाऊ. तिले बोटानं वाचता येईन. पन ते शिका लागते, त्याले वेळ लागते."

"जाऊ मंग सोमवारी," तो म्हणाला.

राबिया माइककडे वळली. "मंडळी, नवं यंत्र जरूर घ्या. पण आधी ते हातात घ्या, उलटसुलट करून बघा, प्रश्न विचारा. विचारल्याने जे बिघडतं, ते मुळात चालतच नसतं."