चार तास एक मिनिट

"नव्या खुर्चीला हात टेकायला जागा आहे," असं ढापण्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. खिडकी बंद होती.

यंत्र-नीती समितीनं फर्मान काढलं होतं: यंत्राचा प्रत्येक निर्णय एका माणसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. आमच्या कार्यालयात माणूस नव्हता. म्हणजे आम्ही चौदा कारकून होतो, पण तसं मंजूर पद नव्हतं. ते निघालं. अर्ज दोघांचेच आले, माझा आणि ढापण्याचा. अठरा वर्षं शेजारी टेबलं, दुपारी एकच डबा. निवड त्याची झाली. त्याच्यापुढं पितळी पाटी आली: 'माणूस'.

घरी बायको म्हणाली, "भाऊजींना माणूस म्हणून घेतलं. तुमच्यात काय कमी पडलं हो?"

मी म्हटलं, चष्मा.

त्याचं काम काय, तर पडद्यावर यंत्राचा निर्णय येणार, खाली 'हो' आणि 'नाही'. वेळ नऊ सेकंद. हे समितीनं नव्हे, साहेबांनी ठरवलेलं. ढापण्या दिवसभर 'हो' दाबायचा. तेवढं माझं बोट एकटंही करून आलं असतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका मंगळवारी मात्र तो एकाच प्रकरणापुढं चार तास बसला. जेवायलाही उठला नाही. मी घड्याळ लावून मोजलं आणि साहेबांच्या कानावर घातलं, अर्थात कार्यालयाच्या हितासाठी. सरासरी बिघडली होती. आठवड्याभरात पाटी आणि खुर्ची माझ्याकडं आली. ढापण्या जुन्या स्टुलावर जाऊन बसला.

पहिल्याच सकाळी मी ते मंगळवारचं प्रकरण उघडलं. 'जादा कर्मचारी. कमी करावा.' नाव माझं. खाली ढापण्याचं 'नाही'.

ते बंद करेपर्यंत दिवसाचं पहिलं प्रकरण आलं. जादा कर्मचारी. कमी करावा. नाव ढापण्याचं.

नऊ सेकंद गेले. लाल अक्षरं लुकलुकू लागली. साहेबांनी काचेतून दोनदा पाहिलं. दुपारी ढापण्या डबा घेऊन आला. "जेवत नाहीस?"

"काम आहे."

त्यानं झाकणात अर्धा डबा काढून पाटीशेजारी ठेवला आणि गेला.

'नाही' दाबायचं हे पहिल्या सेकंदालाच ठरलं होतं. पण त्याच्यापेक्षा कमी वेळ बसलो, असं कुणी म्हणायला नको. चार तास एक मिनिट झाल्यावर दाबलं.

पाच वाजता साहेब पाटी न्यायला आले. मी ती पुसून ठेवली होती.